विश्लेषण : डायनासोरच्या पायाखाली गवत हवे का? मॉडेल करणाऱ्यांसाठी चंद्रपूरच्या जीवाश्मांचे उत्तर

दिवाळीचा किल्ला आणि गणपतीचा देखावा ज्या घरात होतो, त्या घराला डायनासोरचे मॉडेल जोडून त्याच्याभोवती चिखल, झाडी, पाणवठा उभा करणे अवघड नाही. किटमधला प्राणी कंपनी देते. त्याच्या पायाखालची जमीन मात्र बहुतेक वेळा आपली आपल्यालाच करावी लागते, आणि सर्वाधिक चुका तिथेच होतात. त्या टाळायला उपयोगी पडणारा एक मोठा पुरावा महाराष्ट्रातच, चंद्रपूर जिल्ह्यात सापडला आहे. छत्रपती संभाजीनगरमध्ये बसून आपल्याच राज्यातल्या डायनासोरचे मॉडेल करायचे, तर त्याच्या बेसवर काय असावे आणि काय नसावे?

बेसला इतके महत्त्व का?

प्लास्टिकचा नुसता प्राणी टेबलावर ठेवला तर ते खेळणे दिसते. पायाखाली माती आली, तिच्यात पाऊल रुतले, शेजारी झुडूप आले की तो प्राणी कुठे आणि कधी जगला याविषयी आपण काही सांगू लागतो. हे सांगणे बरोबर किंवा चूक ठरू शकते.

याचे सर्वात जुने प्रसिद्ध उदाहरण लंडनचे आहे. १८५४ मध्ये क्रिस्टल पॅलेसच्या बागेत बेंजामिन वॉटरहाऊस हॉकिन्स या शिल्पकाराने शास्त्रज्ञ रिचर्ड ओवेन यांच्या सल्ल्याने डायनासोरचे पूर्णाकृती पुतळे उभे केले. त्यांच्यासाठी तळ्यात बेटे केली आणि कोणता प्राणी कोणत्या काळातला, हे त्या मांडणीतून दाखवले. पुतळ्यांत मात्र चुका राहिल्या. इग्वानोडॉनच्या नाकावर शिंग बसवले गेले. १८७८ मध्ये बेल्जियममध्ये इग्वानोडॉनचे अनेक सांगाडे मिळाले, तेव्हा ते शिंग म्हणजे अंगठ्याचा काटा असल्याचे स्पष्ट झाले. पुतळे आजही तिथेच आहेत, आणि त्या काळी काय माहीत होते आणि काय नव्हते, हे त्यांच्याकडे पाहून कळते. घरातल्या मॉडेललाही हाच नियम लागू होतो.

महाराष्ट्राचा डायनासोर कोणता?

दुकानातल्या खोक्यांवर टी. रेक्स, ट्रायसेराटॉप्स, ब्रॅकिओसॉरस यांचीच चित्रे असतात. जपानच्या तामिया कंपनीची १:३५ प्रमाणातली डायनासोर मालिका जगभर प्रसिद्ध आहे, तीही प्रामुख्याने याच नावांची. आपल्या राज्याचा डायनासोर वेगळा आहे. त्याचे नाव आयसिसॉरस.

चंद्रपूर जिल्ह्यात वरोऱ्याजवळ डोंगरगाव येथे कोलकात्याच्या इंडियन स्टॅटिस्टिकल इन्स्टिट्यूटच्या शास्त्रज्ञांना त्याचा सांगाडा मिळाला. १९९७ मध्ये सोहनलाल जैन आणि शाश्वती बंदोपाध्याय यांनी त्याचे शास्त्रीय वर्णन प्रसिद्ध केले. २००३ मध्ये त्याला वेगळे नाव मिळाले. संस्थेच्या इंग्रजी आद्याक्षरांवरून ‘आयसिसॉरस’ आणि अमेरिकी जीवाश्मतज्ज्ञ एडविन कोल्बर्ट यांच्या सन्मानार्थ ‘कोल्बर्टी’. हा टायटनोसॉर गटातला, चार पायांवर चालणारा शाकाहारी प्राणी होता. लांबी सुमारे १८ मीटर असल्याचा अंदाज आहे. त्याच्या नातेवाइकांच्या तुलनेत मान आखूड आणि पुढचे पाय लांब, त्यामुळे त्याची ठेवण नेहमीच्या लांब मानेच्या डायनासोरपेक्षा वेगळी दिसते.

मॉडेल करणाऱ्याने एक गोष्ट आधीच लक्षात घ्यावी. या सांगाड्यात मणके, बरगड्या, कमरेची आणि पुढच्या पायाची हाडे आहेत. कवटी आणि मागचे पाय मिळालेले नाहीत. म्हणजे कोणत्याही आयसिसॉरसचे डोके हे नातेवाईक प्राण्यांवरून बांधलेला अंदाज असते.

मग गवत लावावे की नाही?

डायनासोरच्या बेसवर हिरवे गवत पाहिले की जाणकार हमखास हरकत घेतात. ती बऱ्याच अंशी योग्य आहे. डायनासोरांच्या काळात आजच्यासारखी कुरणे नव्हती. गवताळ मैदाने पसरली ती डायनासोर संपल्यानंतर कोट्यवधी वर्षांनी. जमिनीवर नेचे, सायकस, सूचिपर्णी झाडे आणि क्रेटेशियस काळाच्या उत्तरार्धात फुलझाडे होती.

या नियमाला चंद्रपूरने महत्त्वाचा अपवाद दिला. डोंगरगावच्याच परिसरात पिसदुरा हे गाव आहे. तिथे टायटनोसॉरच्या हाडांबरोबर अश्मीभूत विष्ठेचे गोळे मिळतात. वंदना प्रसाद, कॅरोलिन स्ट्रॉमबर्ग, हबीब अलीमोहम्मदियन आणि अशोक सहानी यांनी ते गोळे तपासले. त्यांत ताड कुळातली झाडे, सूचिपर्णी आणि इतर वनस्पतींबरोबर गवताचेही सूक्ष्म अवशेष सापडले. २००५ मध्ये हे संशोधन ‘सायन्स’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाले. डायनासोर गवत खात होते, याचा हा पहिला थेट पुरावा ठरला.

हे कळले कसे? वनस्पती जमिनीतून सिलिका शोषतात आणि पेशींमध्ये साठवतात. ज्वारीचे किंवा उसाचे पाते हात कापते, त्याला हीच सिलिका कारणीभूत असते. पान कुजले तरी तिचे सूक्ष्म कण टिकतात आणि त्यांच्या आकारावरून वनस्पतीचा गट ओळखता येतो. पुढे २०११ मध्ये याच परिसरातल्या अवशेषांत भाताच्या कुळाशी नाते सांगणारे कणही ओळखले गेले.

म्हणून उत्तर असे : आयसिसॉरसच्या बेसवर गवत लावता येते, पण हिरवळ नको. विष्ठेत इतर वनस्पतींच्या तुलनेत गवताचे प्रमाण थोडे होते. पाणवठ्याच्या कडेला, झुडपांच्या मधे चार-दोन झुबके पुरेसे आहेत.

हाच नियम दुसऱ्या प्राण्याला लावू नये. पैठणवरून वाहणारी गोदावरी पुढे गडचिरोलीत सिरोंचाजवळ प्राणहितेला मिळते. त्या खोऱ्यातल्या जुरासिक खडकांतून बारापासॉरस हा डायनासोर मिळाला. त्याचा सांगाडा कोलकात्याच्या त्याच संस्थेत उभा आहे. तो आयसिसॉरसच्या कितीतरी कोटी वर्षे आधीचा. त्याच्या बेसवर गवताची एक काडीही चालणार नाही.

इथली काळी माती आणि काळा दगड चालेल?

संभाजीनगरच्या आसपास हाताला सहज लागते ती काळी माती आणि बेसॉल्टची खडी. साहजिकच मॉडेलसाठी तीच उचलली जाते. आयसिसॉरससाठी ती चुकीची ठरते.

वेरूळची लेणी, देवगिरीचा कडा, अजिंठ्याची दरी हे सगळे दख्खनच्या लाव्हाचे थर आहेत. हे उद्रेक सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वीच्या काळातले. आजची काळी कापसाची माती याच खडकाची झीज होऊन नंतर तयार झाली. आयसिसॉरसची हाडे ज्या लॅमेटा थरांत मिळाली, ते थर बहुतेक ठिकाणी या लाव्हाच्या खाली आहेत. जबलपूरजवळच्या नर्मदेवरील लॅमेटा घाटावरून त्यांना हे नाव मिळाले. डोंगरगाव-पिसदुरा भागात त्यात लाल आणि हिरवट रंगाची चिकणमाती आढळते. एकूण चित्र दिसते ते तळी, पूरमैदाने आणि कोरडा-ओला ऋतू असलेल्या प्रदेशाचे.

म्हणजे बेसचा मुख्य रंग विटकरी लाल हवा, पाण्याजवळ हिरवट राखाडी, आणि उंचवट्यावर भेगाळलेला चिखल. काळी माती वापरायचीच असेल तर ती चाळून त्यावर लाल रंगाचा पूर्ण थर द्यावा. गेरू सहज मिळतो आणि त्याची छटा या कामाला चांगली जुळते.

मागे ज्वालामुखी आणि शेजारी टी. रेक्स ठेवला तर?

दोन्ही टाळावे. खेळण्यांच्या चित्रांत मागे शंकूसारखा धुमसता डोंगर असतो. दख्खनचा लाव्हा मुख्यतः जमिनीतल्या लांबच लांब भेगांमधून बाहेर आला आणि आडवा पसरत गेला. म्हणूनच सह्याद्रीत आणि अजिंठ्याच्या डोंगररांगेत पायऱ्यांसारखे सपाट थर दिसतात. पार्श्वभूमीला उद्रेक सुचवायचाच असेल तर क्षितिजावर लालसर धुरकट पट्टा रंगवावा.

टी. रेक्स उत्तर अमेरिकेतला. त्या वेळी भारताचा भूखंड आशियापासून तुटलेला, समुद्रातून उत्तरेकडे सरकत होता. शिकारी दाखवायचा तर भारतातला राजासॉरस योग्य. गुजरातमधल्या रैयोली येथे त्याची हाडे मिळाली आणि २००३ मध्ये त्याला नाव देण्यात आले. तो वेगळ्या ठिकाणचा असल्याने ‘त्याच काळातला शिकारी’ असे पाटीवर लिहिणे प्रामाणिक ठरेल.

प्रमाण कसे ठरवायचे?

घरात जागा किती, यावरून. १८ मीटरचा प्राणी १:३५ प्रमाणात ५१ सेंटिमीटर होतो. त्याला मोठे कपाट लागेल. १:७२ मध्ये तो २५ सेंटिमीटर होतो आणि ३० बाय २० सेंटिमीटरच्या प्लायच्या तुकड्यावर बसतो. पहिल्या प्रयत्नाला हेच प्रमाण बरे.

एकदा प्रमाण ठरले की बेसवरची प्रत्येक वस्तू त्याच मापाने यायला हवी. १:७२ मध्ये अर्ध्या मीटरचे गवत ७ मिलिमीटर उंच होते. घरातल्या खऱ्या रोपाची पाने चिकटवली तर ती या मापात प्रचंड दिसतात आणि डायनासोर बकरीएवढा वाटू लागतो. माणसाची आकृती शेजारी ठेवून फोटो काढायचा असेल तर १:७२ मध्ये तिची उंची सुमारे अडीच सेंटिमीटर.

प्राणी जोडताना आणि रंगवताना काय पाहावे?

किटचे भाग कटरने चौकटीपासून थोडे दूर कापावेत आणि उरलेला टोकदार भाग पॉलिश पेपरने घासावा. प्लास्टिक किटसाठी मिळणारा खास सिमेंट प्लास्टिकचा पृष्ठभाग विरघळवून जोड एकजीव करतो. फेविक्विक पटकन पकडते, पण जोड ठिसूळ राहतो. जोडाची फट लांबी भरून घासली नाही तर रंगानंतर ती अधिकच उठून दिसते.

खास आयसिसॉरसच हवा असेल तर लांब मानेच्या दुसऱ्या डायनासोरच्या किटमध्ये बदल करता येतो : मान आखूड करायची, पुढचे पाय उंच करायचे. अनुभव असेल तर तारेचा सांगाडा, त्यावर अ‍ॅल्युमिनियम फॉइल आणि वर एम-सीलचा थर असे पूर्ण शिल्पही घडवता येते. तीन गोष्टी तपासाव्यात. शेपटी जमिनीवर ओढलेली नसावी. पुढच्या पायांना हत्तीसारखी नखे नकोत. टायटनोसॉरांच्या पुढच्या पावलांत बोटांची हाडे जवळजवळ उरली नव्हती, पाऊल खांबासारखे होते. आणि वजन पायांवर आहे असे वाटले पाहिजे.

रंगाबाबत मोकळीक आहे, पण ती अंदाजाची मोकळीक आहे हे विसरू नये. २०१० मध्ये चीनमधल्या सायनोसॉरोप्टेरिक्स या छोट्या पिसांच्या डायनासोरच्या जीवाश्मात रंगद्रव्याच्या सूक्ष्म पिशव्या ओळखल्या गेल्या आणि त्याच्या शेपटीवर तांबूस पट्टे असल्याचे सांगता आले. आयसिसॉरसबाबत असा पुरावा नाही. आजच्या हत्ती-गेंड्यांवरून मोठ्या प्राण्याला मातकट रंग देणे हा समजूतदार अंदाज.

पद्धत साधी आहे. प्रायमर, त्यावर मूळ रंगाचा थर, मग पातळ गडद रंग सुरकुत्यांत उतरू द्यायचा, आणि वाळल्यावर जवळजवळ कोरड्या ब्रशने उंचवट्यांवर फिका रंग घासायचा. शेवटी बेसवरच्याच गेरूची पूड पायांना आणि पोटाच्या खालच्या भागाला हलकेच लावावी. प्राणी आणि जमीन एकाच जागेची वाटू लागतात ती या शेवटच्या हातामुळे.

बेस घरच्या साहित्यात कसा होतो?

महाराष्ट्रात २०१८ पासून सजावटीच्या थर्माकोलवर बंदी आहे. त्यामुळे उंचवट्यांसाठी पुठ्ठ्याचे थर आणि कागदाचा लगदा वापरावा. त्यावर शाडू माती आणि फेविकॉलचे मिश्रण पसरावे. ते ओले असतानाच प्राण्याचे पाय दाबून ठसे घ्यावेत आणि प्राणी बाजूला काढावा. मागेही चार-सहा पावले उमटवली की तो चालत आला असे दिसते.

माती वाळल्यावर बारीक चाळलेली वाळू पातळ फेविकॉलने बसवावी. नारळाच्या काथ्याचे किंवा जुन्या ब्रशचे केस कापून गवताचे झुबके होतात. वापरलेल्या चहाचा चोथा कडक उन्हात वाळवला की पालापाचोळा तयार. रंगवलेला लाकडाचा भुसा झुडपांना चालतो. ताडासारख्या झाडांसाठी कागदाच्या पट्ट्यांना दोन्ही बाजूंनी बारीक कातर द्यावी. पाणवठ्यासाठी तळ आधी रंगवून त्यावर चमकदार व्हार्निशचे पातळ थर एकेक करून, प्रत्येक थर वाळू देऊन द्यावेत. पिसदुऱ्याचा मान म्हणून शेणाचा एखादा पोही दाखवायला हरकत नाही.

हवामानही बघावे. एप्रिल-मेमध्ये अ‍ॅक्रेलिक रंग ब्रशवरच वाळतो, तेव्हा सकाळी काम करावे. पावसाळ्यात माती वाळायला दिवस लागतात आणि ओलसर चोथ्याला बुरशी धरते. तयार मॉडेल बंद गाडीत उन्हात ठेवू नये, प्लास्टिक वाकते.

लहान मुलांसाठी सोपा देखावा कोणता?

घरट्याचा. गुजरातमध्ये टायटनोसॉरच्या अंड्यांभोवती वेटोळे घातलेल्या सापाचा जीवाश्म मिळाला. भूवैज्ञानिक सर्वेक्षण विभागाचे धनंजय मोहबे यांनी तो शोधला होता आणि २०१० मध्ये ‘सनाजेह इंडिकस’ या नावाने सापाचे वर्णन प्रसिद्ध झाले. साप सुमारे साडेतीन मीटर लांब, शेजारचे पिल्लू सुमारे अर्ध्या मीटरचे. निसर्गानेच दगडात करून ठेवलेला हा देखावा आहे. मध्य प्रदेशातल्या धार जिल्ह्यातही टायटनोसॉरची ९२ घरटी आणि २५६ अंडी आढळल्याचे २०२३ मध्ये प्रसिद्ध झाले.

१:१० प्रमाणात साप ३५ सेंटिमीटर, पिल्लू ५ सेंटिमीटर होते. सगळे शाडूत करता येते, किट विकत घ्यावे लागत नाही. साधारण १६ सेंटिमीटरचे अंडे या मापात चिंचोक्याएवढे होते. तेच अंडे मोठ्या प्राण्याच्या बेसवर ठेवायचे तर १:३५ मध्ये साबुदाणा आणि १:७२ मध्ये मोहरीचा दाणा पुरतो. दाण्यांवर व्हार्निश मात्र हवे, नाहीतर मुंग्या येतात.

काळजी कोणती घ्यावी?

स्प्रे रंग आणि थिनर बंद खोलीत वापरू नये. रेझिन किंवा एम-सील घासताना मास्क लावावा, शक्यतो पाणी लावून घासावे म्हणजे धूळ उडत नाही. एम-सील मळताना हातमोजे घालावेत. कटर मुलांच्या हाती एकट्याने देऊ नये.

आणखी एक काळजी जीवाश्मांची. बेसवर ‘खरा तुकडा’ लावायच्या हौसेने पिसदुरा किंवा इतर ठिकाणचे हाडाचे, अंड्याचे, विष्ठेचे तुकडे उचलून आणू नयेत. तुकडा कोणत्या थरात, कशाच्या शेजारी होता ही माहिती तो उचलताक्षणी नष्ट होते. गवताचा शोध लागला तो गोळे कुठले आणि कोणत्या थरातले हे ठाऊक होते म्हणून. कपाटातल्या तुकड्यातून तो लागला नसता.

पाटीवर काय लिहावे?

मॉडेलच्या कडेला नावाची पाटी असतेच. तिच्यावर नावाखाली ठिकाण लिहावे : ‘डोंगरगाव, जि. चंद्रपूर’. त्याखाली तीन ओळी पुरेत. सापडलेले : मणके, बरगड्या, पुढचा पाय, पिसदुऱ्याच्या विष्ठेतले गवत, ताड आणि सूचिपर्णी झाडांचे अवशेष. नातेवाइकांवरून : डोके, मागचे पाय. कल्पनेने : त्वचेचा रंग.

शाळेच्या विज्ञान प्रदर्शनात असे मॉडेल ठेवले तर पाहणारा प्रश्न विचारू शकतो आणि मुलाला उत्तर देता येते. उद्या डोंगरगावला किंवा आणखी कुठे आयसिसॉरसची कवटी मिळाली, तर पाटीवरची दुसरी ओळ बदलायची आणि मॉडेलचे डोके नव्याने करायचे. एम-सीलचे डोके कापून काढायला फार वेळ लागत नाही.